फुंकर बंद होती ते दिवस

अम्मीचं पोट कित्येक वर्षं जळत होतं आणि त्यावर तिच्याकडे तीन औषधं होती: थंड दूध, खायचा सोडा आणि “कुछ नै होता, जा.” तिसरं ती सगळ्यात जास्त वापरायची. अम्मी म्हणजे माझी आई. अब्बा गेल्यापासून ती लातूरला आमच्या जुन्या घरात एकटी राहायची. मी लग्नानंतर नांदेडला आले होते आणि तिथंच एका शाळेत विज्ञान शिकवत होते. फोनवर मी तिला दवाखान्यात जा म्हणायची, ती मला लेकीला वेळेवर जेवायला घाल म्हणायची, आणि दोघी एकमेकींवर चिडून फोन ठेवायचो. मी तापट आहे हे मला सगळे सांगतात. मी कुणाची लेक आहे, ते मात्र कुणी बघत नाही.

एकटी राहायची म्हणजे आपली नावाला. तिच्या दाराशी सकाळपासून कुणी ना कुणी उभं असायचं, आणि ते तिच्या फुंकरीसाठी आलेलं असायचं.

आमच्या भागातल्या माणसाला फुंकर सांगावी लागत नाही, पण पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगते. संध्याकाळच्या नमाजनंतर मशिदीच्या दाराशी बायका कडेवर लेकरू आणि हातात पाण्याचा तांब्या घेऊन थांबतात. त्यात आमच्या असतात तशाच मराठ्यांच्या, लिंगायतांच्या, सगळ्यांच्या असतात. बाहेर पडणारा माणूस ओठातल्या ओठात काही म्हणतो, लेकरावर आणि पाण्यावर फुंकर घालतो, चपला शोधतो आणि घरी जातो. लेकरू दचकत असेल, दूध पीत नसेल, ताप उतरत नसेल, तर डॉक्टरच्या औषधाबरोबर हेही करायचं. कुणी कुणाला जात विचारत नाही आणि आभारही मानत नाही.

अम्मीच्या फुंकरीची सुरुवात भूकंपात झाली. किल्लारीकडची गावंच्या गावं गेली. आमच्या घराला नुसती भेग पडली होती, पण नंतरही जमीन अधूनमधून हलायची आणि छपराखाली जायची कुणाची छाती होत नव्हती. सगळी गल्ली शाळेच्या मैदानात ताडपत्र्या बांधून राहिली. आमच्या शेजारच्या ताडपत्रीत शिरूर अनंतपाळकडचं एक शेतकरी कुटुंब होतं. वर्षभरापूर्वीच ते आमच्या गल्लीत भाड्यानं राहायला आलं होतं. त्या घरातल्या बाईंना मी काकू म्हणते. काकूंची पोरगी तेव्हा पाच-सहा महिन्यांची होती आणि जमीन हलली नाही तरी ती दचकायची. एका संध्याकाळी ती रडून रडून काळीनिळी पडायला लागली. मशिदीच्या दाराशी न्यावं तर सगळी माणसं पांगलेली, कोण कुठं उतरलंय याचा पत्ता नाही. काकूंनी पोरगी सरळ अम्मीच्या मांडीत टाकली.

“भाबी, तुमीच फुका. तुमाला येतंय न्हवं म्हनायला?”

अम्मीला चारही कुल, म्हणजे कुराणातल्या चार छोट्या सूरा, पाठ होते. ते आमच्यात प्रत्येक घरात प्रत्येकीला असतात, त्यात विशेष काही नाही. तिनं ते म्हटले आणि पोरीच्या कपाळावर फुंकर घातली. पोरगी झोपली. दमून झोपली असणार हे मी आज सांगू शकते, पण तेव्हा मी सातवीत होते आणि माझी आई मला फार मोठी वाटली. दुसऱ्या दिवशी आमच्या ताडपत्रीपुढं चार बायका आपापली लेकरं घेऊन बसल्या होत्या.

मग भूकंप ओसरला, घरांची डागडुजी झाली आणि लातूरला दुसरंच वारं लागलं. बारावीच्या निकालात लातूरचं नाव व्हायला लागलं तशी चाकूरपासून नायगावपर्यंतची पोरं वळकट्या घेऊन यायला लागली. गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर पत्र्याची खोली चढली. क्लासच्या पाट्यांनी विजेचे खांब दिसेनासे झाले. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांना जेवायला सवड मिळेना. ही पोरं अम्मीला सापडली की अम्मी पोरांना, कुणास ठाऊक, पण परीक्षेच्या सकाळी आमच्या दाराशी गर्दी व्हायची. कुणी पेन पुढं करायचं, कुणी कंपास, कुणी हॉलतिकीट. एकानं एकदा फिजिक्सचं जाडजूड गाईडच आणलं.

अम्मी म्हणाली, “इत्ते बडे किताब पे फूँकी तो मेराच दम निकलता. तू कित्ता पढ्या?”

“अर्धं झालंय, अम्मी.”

“फिर आधेच पे फूँकतूँ.”

अब्बा दुकानातून म्हणायचे, “मैं ट्यूबां में हवा भरतूँ, ये पोट्ट्यां में भरती.” अब्बा गेले तेव्हा त्यातली कितीतरी पोरं मयताला आली. कुणी डॉक्टर झालेलं होतं, कुणी काहीच झालेलं नव्हतं, आणि सगळी अम्मीपुढं मान खाली घालून उभी होती.

माझा या सगळ्यावर विश्वास होता का? मी वर्गात जंतू शिकवायची, हात धुवायला लावायची, आणि घरी माझी लेक तापली की लातूरला फोन लावून तिच्या कानाला धरायची. अम्मी फोनमधूनही फुंकायची. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं.

तर एका सकाळी काकूंचा फोन आला. “पोरी, भाबीला वकारी झाली. काळी, चहाच्या चोथ्यावानी. तू ये बाई, ह्या मला दवाखान्याचं नाव काढू देईनात.” मी पहिल्या गाडीनं गेले आणि अम्मीला नांदेडला घेऊन आले. अहमदपूरपर्यंत ती माझ्याशी भांडली आणि पुढं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. ती झोपल्यावर मला खरी भीती वाटली. भांडत होती तोवर ठीक होतं.

पोटाच्या डॉक्टरांनी आधी सलाईन, इंजेक्शनं देऊन तिला स्थिर केलं आणि मग दुर्बिणीनं बघायचं ठरवलं. त्यांच्याकडे श्वास तपासायचं यंत्र नुकतंच आलं होतं आणि दोन्ही तपासण्या ते एकाच बैठकीत उरकायचे. मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. पोटात एक जंतू घर करून राहतो. आपल्याकडे पुष्कळांच्या पोटात तो असतो, त्यातल्या काहींना त्यानं जखम होते. दुर्बिणीची नळी पोटात असतानाच तिच्यातून युरियाचं थोडं पाणी आत सोडायचं. जंतू असला तर तो युरिया फोडतो, त्यातून वायू तयार होतो, तो रक्तातून फुप्फुसात जातो आणि श्वासावाटे बाहेर येतो. म्हणून एक श्वास आधी पिशवीत धरायचा, एक नंतर, आणि दोन्ही यंत्राला लावून फरक बघायचा. मी विज्ञानाची बाई, आई आजारी असतानाही मला हे ऐकून आनंद झाला. अम्मीला मी एवढंच म्हटलं, “फुगा फुगाना है.”

श्वास गोळा करायला एक तरुण बाई होती. ती यंत्र चालवायची, पण सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिनं अम्मीच्या हातात चंदेरी पिशवी दिली. अम्मीनं ती दोन्ही हातांनी धरली, तिचे ओठ हलले आणि तिनं फुंकर घातली. छोटी, हलकी, पाण्यावर घालतात तशी. मग दुसरी, मग तिसरी. फुंकर तीनदाच घालतात. पिशवी होती तशीच पडून राहिली.

“आजी, फुंकर नका घालू. छाती भरून घ्या, जरा थांबा आणि मग सगळा श्वास आत सोडा.”

अम्मीनं मान हलवली, परत ओठ हलवले, परत तीन फुंकरी. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मला हसू आवरेना. अम्मी हिरमुसली. म्हणाली, “मेरेकू ऐसेच आता.” आयुष्यभर ती ज्या श्वासानं दुसऱ्याला काही द्यायची तो एवढासाच असायचा. सगळा सोडायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. शेवटी मी म्हटलं, “अम्मी, अब्बा का पंप याद कर.” मग तिनं डोळे मिटून अशी हवा भरली की सिस्टरला पिशवी तिच्या तोंडातून ओढून घ्यावी लागली.

दुर्बीण मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. घशात बधिर करायचा फवारा मारला, दातांत प्लास्टिकचं कडं बसवलं, आणि नळी आत जायला लागली तशी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी तिचा हात धरला होता. तिची नखं माझ्या तळव्यात रुतली. पडद्यावर गुलाबी, ओली, चमकणारी भिंत दिसत होती. याच पोटात आपण होतो, असं मला वाटलं आणि लगेच मी स्वतःला सुधारलं, की हे जठर आहे, ते वेगळं. आईच्या पोटात बघतानाही माझ्यातली बाई फळा सोडत नव्हती. डॉक्टरांनी एका ठिकाणी नळी थांबवली. तिथं पांढरट बुडाची, लाल काठाची जखम होती. त्यांनी एक बारीक तुकडा काढला, पाणी सोडलं, अम्मीला या कुशीवरून त्या कुशीवर केलं आणि नळी बाहेर घेतली. थोडा वेळ थांबून दुसरी पिशवी. घसा बधिर होता, लाळ गळत होती, परक्या माणसांसमोर आपलं असं व्हावं याची तिला लाज वाटत होती. तरी या वेळेला तिनं पिशवी पहिल्या झटक्यात भरली आणि माझ्याकडे बघितलं, बघ जमलं की नाही, अशा नजरेनं.

दुपारी डॉक्टर घाईत होते. उभ्याउभ्याच म्हणाले, “अल्सर आहे. कॅन्सरसारखं काही दिसत नाही, तरी तुकडा तपासायला पाठवलाय. आणि आजींच्या श्वासात जंतू निघाला. दोन आठवडे गोळ्या घ्यायच्या, मग महिनाभर थांबून परत श्वास तपासू. तो गेला की जखम पुन्हा होणार नाही.”

कॅन्सर नाही एवढं ऐकलं आणि माझे कान बंद झाले. अम्मीचे उघडे होते. रिक्षात बसल्यावर तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं घसा दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी लेक दप्तर पाठीला लावून तिच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि सवयीनं कपाळ पुढं केलं. ती तेव्हा पहिलीत होती. नानी घरी आली की शाळेत जाताना फुंकर घेऊन जायचं, हा त्या दोघींचा नेम होता. अम्मीनं पदर घट्ट धरला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. लेक थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग माझ्याकडे बघायला लागली. मी तिला रिक्षात बसवून आले आणि अम्मीपुढं बसले.

“क्या हुआ?”

“सांस में जंतू है बोले ना डागदर. फिर मैं इत्ते साल लोगां के बच्च्यां पे क्या फूँकी?”

मी तिला समजावलं. वाटी घेतली, वाटीला पोट केलं, चमच्याची नळी केली. जंतू पोटातच राहतो, श्वासात नुसता वायू येतो, हवा, बाकी काही नाही. ती नीट ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, “फिर एक के पेट में से दूसरे के पेट में कैसा जाता?”

असा प्रश्न वर्गात कुणी विचारला तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवते. घरी मात्र मी चिडले. डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून तिच्यापुढं धरला. डॉक्टर भले होते. म्हणाले, “आजी, मी घाईत चुकीचं बोललो. जंतू श्वासातून उडत नाही. तुमचा श्वास चांगला आहे.” मग मीच, मूर्खासारखं, तो पसरतो कसा ते विचारलं. ते म्हणाले, “उष्ट्यातून, लाळेतून, पाण्यातून असेल. लहानपणी घरातच लागतो असं दिसतं, पण नेमकी वाट अजून कुणालाच सांगता येत नाही.”

अम्मीला तेवढंच हवं होतं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “फूँकते वखत थूक उडता. गिलास कू मेरे होंट लगते.” यावर नाही म्हणायला मला खोटं बोलावं लागलं असतं, आणि माझं खोटं तिला माझ्या लहानपणापासून लगेच कळतं. मी म्हटलं, इतक्या वर्षांत कुणाला काही झालं का? ती म्हणाली, “अनजाने में हुआ सो अल्लाह माफ करता. अब मालूम होके कैसा करूँ?”

मी पुष्कळ डोकं आपटलं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी ती. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तिचा अभिमानच वाटला, आणि वाटला म्हणून जास्त राग आला.

पुढं तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला आणि ती लातूरला गेली. गोळ्या अशा होत्या की तोंडाला दिवसभर कळकलेल्या भांड्यासारखी चव यायची, पण तिनं एकही चुकवली नाही. दाराशी लोक यायचे त्यांना ती सांगायची, गला बैठा है. लोकांनी ज्येष्ठमध आणलं, आलं आणलं, कुणी हळदीचं दूध आणलं. आठवडे गेले तरी घसा काही बरा होईना, तेव्हा लोक कुजबुजायला लागले. गल्लीत बोलायला कुणाच्या जिभेला हाड असतं? भाबीचं मन बदललं, आता हिंदूंची लेकरं त्यांना नको झाली, इथपर्यंत बोलणं गेलं. हे मला काकूंच्या आवाजावरून फोनवर कळायचं. त्या तब्येत विचारायच्या, पण पूर्वीसारखं भाबी काय म्हणाली, भाबीनं काय केलं, असं सांगत नव्हत्या.

मैदानातली ती पोरगी आता बारावीला होती. दोन वर्षं ती पहाटेपासून क्लासला पळत होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिच्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या दिवशी मी सुट्टीमुळे लातूरलाच होते. गोळ्या संपल्या होत्या, पण दुसरी तपासणी व्हायला अजून अवकाश होता. सकाळी काकू पोरीला घेऊन आल्या. पोरीच्या हातात पेन आणि पाण्याची बाटली होती.

अम्मीनं पदर तोंडाला लावला. “मेरा गला...”

काकू उंबऱ्यातच थांबल्या. “भाबी, आमचं काय चुकलं का? चुकलं आसंल तर मला बोला. पोरीला कशाला दारातून वापस लावताव? तुमच्याच मांडीत टाकलो व्हतो हिला.”

अम्मीनं पदर आणखी घट्ट धरला. तिला कारण सांगायचं नव्हतं, कारण सांगितलं तर आजवर फुंकलेल्या सगळ्या लेकरांचा विषय निघाला असता. मला मात्र ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं, की तिच्या पोटात जंतू निघालाय, औषध झालंय पण तपासणी व्हायचीय, आणि फुंकरीतून तो तुमच्या पोरीला लागेल असं हिला वाटतं.

काकू आधी माझ्याकडे आणि मग अम्मीकडे बघत राहिल्या. मग मटकन चौकटीला टेकून बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

“एवढंच व्हय? आन् आमच्या पोटात काय अत्तर हाय का, भाबी? हिला लहानपनापासून फुकलाव तुमी. बघा की, म्हशीवानी झालीय. हिला काय झालं?”

“आई,” पोरगी म्हणाली.

“गप. भाबी, म्या काय काय इचार केले आन् तुमी एवढ्यासाठी तोंड झाकून बसलाव. लई वंगाळ वाटून राहिलं मला. फुका बरं आता, रिक्षा थांबलीय.”

मला वाटलं झालं, सुटलं. पण अम्मीनं मान हलवली. तिनं पोरीला जवळ ओढलं, डोक्यावर हात ठेवला आणि पदराआड तिचे ओठ हलायला लागले. पोरगी डोळे मिटून कपाळ पुढं करून उभी होती. म्हणून झाल्यावर अम्मीनं तोंड फिरवलं आणि फुंकर भिंतीवर सोडली. पोरगी तशीच उभी होती, अजून यायची आहे असं समजून.

“जा बेटा,” अम्मी म्हणाली. “अच्छा लिख.”

त्या गेल्यावर अम्मी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी मागं गेले तर म्हणाली, “बच्ची कू खाली हात भेजी मैं.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. जंतूचं नाव, त्याचा आकार, तो काय खातो, काय सोडतो, सगळं मला माहीत होतं आणि त्यातलं काहीही तिच्या उपयोगाचं नव्हतं.

थांबायचे दिवस लांबले. पोटात पुन्हा थोडं जळायला लागलं, कारण तपासणीच्या आधी आम्ल कमी करायच्या गोळ्याही बंद ठेवायच्या होत्या. सोडा घेऊ नकोस एवढं मी बजावलं होतं, तर तिनं दूधसुद्धा सोडलं. जळजळ सुरू झाली याचा अर्थ तो गेला नाही, असं तिनं मनाशी धरलं. तसं काही नसतं, मी म्हणायची. ती हौ म्हणायची, पण ते मला गप्प बसवायला. मला फार वाटायचं की तो जंतू गेलेला असावा. जखमेसाठी नाही, जखम भरत होती. माझ्या आईला आपल्याच तोंडाची अशी भीती वाटत होती, आणि ती तशीच म्हातारी होऊन जाईल, हे मला बघवत नव्हतं.

दुसऱ्या वेळेला दुर्बीण नव्हती. सकाळी उपाशीपोटी गेलो. रोज्यांची सवय असल्यामुळे उपासाचं तिला काही नव्हतं. तीच सिस्टर, तेच यंत्र. पहिली पिशवी झाली. मग पेल्यातून युरियाचं आंबटसर पाणी प्यायला दिलं. आम्ही बाकावर थांबलो. अम्मी तसबीहचे मणी फिरवत होती. मग दुसरी पिशवी. सिस्टरनं दोन्ही पिशव्या यंत्राला लावल्या आणि आम्ही तिघी त्या डब्याकडे बघत बसलो. मी शाळेत निकालाच्या दिवशी मुलांना सांगत असते, की घाबरायचं काय त्यात. त्या सकाळी मीच पर्सची चेन उघडझाप करत बसले होते.

यंत्रातून कागद आला. सिस्टरनं तो वाचला आणि माझ्याकडे न बघता अम्मीकडे बघून म्हणाली, “आजी, गेला. काही नाही आता.”

मी कागद घेतला, आकडा बघितला, खालची रेघ बघितली. खरंच गेला होता. मी अम्मीला मिठी मारली. तिनं मिठीत असतानाच सिस्टरला विचारलं, “बेटी, तू खुद देखी ना?”

“हो आजी, मीच बघितलं.”

अम्मीनं हौ म्हटलं. पण पदर काही तिनं खाली घेतला नाही. मी म्हटलं, “अम्मी, अब तो निकाल.” ती म्हणाली, “रैन दे.” कागदावर एवढा विश्वास टाकायला ती तयार नव्हती. दोन महिने तिनं स्वतःला जे पटवलं होतं, ते एका ओळीनं पुसलं जाणार नव्हतं. मला वाटलं, आता हे असंच राहणार. मी पर्स उचलली, तिला हाताला धरून उठवलं आणि आम्ही दाराकडे निघालो.

“आजी, जरा थांबताव का?”

सिस्टर टेबलाखालून आपली बॅग ओढत होती. तिनं पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवून उघडलं आणि ती बाटली हातात घेऊन अम्मीपुढं येऊन उभी राहिली. यंत्रापुढची तिची भाषा एकदम गेली आणि गावाकडची आली.

“मागच्या टायमाला तुमी पिशवीत फुकताना ओठ हलवत व्हताव, तवाच मला कळलं. माजी आई मला मशिदीच्या दारात घिऊन उभी ऱ्हायची. माजं लेकरू नायगावला सासूबाईपाशी हाय. आठ दिस झाले, झोपंना. दचकून उठतंय आन् रडतंय. म्या आज संध्याकाळी जानार हाय. ह्या पान्यावर फुकून देताव का?”

अम्मी बाटलीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “बेटी, तूच तो मेरी सांस देखी. उस दिन क्या था सो भी देखी.”

“व्हय. दोनी येळा मीच बघितली. म्हनून तर तुमाला मागून राहिले.”

अम्मीनं माझ्याकडे वळून बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी यंत्राकडे बघत होते. तिनं दोन्ही हात पुढं करून बाटली घेतली. हात बाटलीत गुंतल्यावर तोंडावरचा पदर धरायला काही उरलं नाही. तो खांद्यावर घसरला, तिनं तो तसाच राहू दिला.

“बच्चे का नाम बोल, बेटी,” ती म्हणाली.